अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी मत कोणाला द्यायचं, हे ठरवावं कसं?

नागरिकत्वाची शपथ घेऊन बाहेर पडताना हातात छोटा झेंडा असतो आणि मतदार नोंदणीचा अर्ज. न्यू जर्सीत मी तो अर्ज तिथल्या तिथे भरून दिला. मत कोणाला द्यायचं, हे मात्र पहिल्या निवडणुकीत मी स्वतः ठरवलंच नाही. ओळखीच्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे वारं होतं, त्याच दिशेने गेले. त्याची रुखरुख अजून आहे. म्हणून २०२४ मध्ये लेकीचं पहिलं मत आलं, तेव्हा आम्ही दोघी जेवणाच्या टेबलावर एक वही घेऊन बसलो आणि पायरी-पायरीने ठरवलं. तीच पद्धत इथे देते आहे. पुढची निवडणूक ७ नोव्हेंबर २०२८ ला आहे, तेव्हा हाताशी वेळ भरपूर आहे.

सुरुवातीलाच एक सांगते. ग्रीन कार्डवर, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यावर, मत देता येत नाही. लायसन्सच्या कामासाठी गेल्यावर समोर आलेल्या फॉर्मवर चुकून मतदार नोंदणीची खूण केली, तरी पुढे नागरिकत्वाच्या अर्जात ते फार महागात पडू शकतं. नागरिक झाला असाल तर नोंदणीची मुदत आपल्या राज्यात कधी संपते ते पाहून ठेवा. न्यू जर्सीत ती मतदानाच्या २१ दिवस आधी संपते.

१. आधी प्रश्न लिहा, नावं नंतर

उमेदवारांची भाषणं ऐकायच्या आधी आपल्या घराचे पाच-सहा प्रश्न कागदावर उतरवा. भाषणं आधी ऐकली की त्यांचेच प्रश्न आपल्याला आपले वाटू लागतात. माझ्या पानावर भावाचं रखडलेलं ग्रीन कार्ड, औषधांचा खर्च आणि मालमत्ता कर होता. लेकीच्या पानावर कॉलेजचं कर्ज, गर्भपाताचा हक्क आणि हवामान बदल. एकाच घरातली दोन पानं, आणि एकही प्रश्न सारखा नाही. घरात प्रत्येकाने आपलं पान वेगळं का लिहावं, हे मला तेव्हा कळलं.

२. प्रत्येक प्रश्नापुढे लिहा: हे कोणाच्या हातात आहे?

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. आपण राष्ट्राध्यक्षांकडून अशा पुष्कळ गोष्टींची अपेक्षा धरतो, ज्या त्यांच्या हातातच नसतात.

आपल्या माणसांच्या जिव्हाळ्याचा विषय घ्या: व्हिसा आणि ग्रीन कार्ड. नोकरीच्या आधारे वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं मिळतात आणि कुठल्याही एका देशाला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांची मर्यादा आहे. भारतीयांची रांग लांबते ती प्रामुख्याने यामुळे. ही मर्यादा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, केलेल्या कायद्यात आहे, राष्ट्राध्यक्ष एकट्याच्या सहीने ती उठवू शकत नाहीत. याउलट, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या एच-४ व्हिसावरच्या काही जोडीदारांना नोकरीची परवानगी मिळाली ती २०१५ मध्ये, प्रशासनाच्या नियमातून. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरची अट आली, तीही राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेतून. म्हणजे एकाच विषयाचा एक भाग त्यांच्या हातात आणि दुसरा नाही. "भारतीयांची रांग मी संपवीन" असं कोणी म्हणालं तर विचारा, सिनेट आणि प्रतिनिधिगृह या काँग्रेसच्या दोन सभागृहांत त्यासाठी मतं कुठून आणणार?

गर्भपाताचा विषय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये राज्यांकडे सोपवला. पण त्या न्यायालयाचे न्यायाधीश नेमतात राष्ट्राध्यक्ष, सिनेटच्या संमतीने, आणि तेही तहहयात. त्यामुळे त्या ओळीपुढे आम्ही तीन नावं लिहिली: राज्य, राष्ट्राध्यक्ष, सिनेट. माझ्या मालमत्ता कराचा मात्र राष्ट्राध्यक्षांशी संबंध नव्हता. तो गावाचा, काउंटीचा आणि शाळेच्या बोर्डाचा मामला.

३. बोलणं नको, केलेलं बघा

उमेदवार आधी सिनेटर किंवा प्रतिनिधी असेल, तर कुठल्या विधेयकावर कसं मत दिलं ते काँग्रेसच्या नोंदींत सापडतं. गव्हर्नर, म्हणजे एखाद्या राज्याचा निवडून आलेला प्रमुख असेल, तर कुठल्या विधेयकावर सही केली आणि कुठलं परत पाठवलं ते पाहा. एका व्यक्तीने निवडणुकीत २०० डॉलरपेक्षा जास्त देणगी दिली की तिचं नाव संघीय निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर शोधता येतं. वादविवादाच्या तुकड्या-तुकड्यांच्या क्लिप बघू नका, पूर्ण मजकूर वाचा. आवाज आणि हावभाव बाजूला पडले की उत्तर दिलं की टाळलं, ते दोन मिनिटांत लक्षात येतं.

इथेच "आपला माणूस" या ओढीबद्दलही बोलायला हवं. २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार कमला हॅरिस यांचं आजोळ तमिळनाडूतलं आणि समोरच्या पक्षाचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स यांच्या पत्नीचं माहेर मूळचं आंध्रातलं. अभिमान वाटणं अगदी स्वाभाविक आहे, मलाही वाटला. पण वहीतल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळत नाही.

४. आपल्या राज्याचं गणित समजून घ्या

राष्ट्राध्यक्ष देशभरच्या मतांच्या बेरजेवर ठरत नाहीत, प्रत्येक राज्याच्या वाट्याला आलेल्या इलेक्टोरल मतांवर ठरतात. देशात अशी एकूण ५३८ मतं, जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का सोडले तर राज्यात ज्याला जास्त मतं, त्याला तिथली सगळी. न्यू जर्सीची मतं (सध्या १४) १९९२ पासून दर वेळी डेमोक्रॅट उमेदवारालाच गेली आहेत. म्हणून इथे पक्षाचा उमेदवार ठरवणारी पक्षाअंतर्गत प्राथमिक निवडणूक चुकवू नका, खरी निवड करायला तिथे जास्त वाव असतो. डेलावेअर नदीपलीकडच्या पेनसिल्व्हेनियात चित्र वेगळं आहे. २०१६ मध्ये तिथला निकाल सुमारे ४४ हजार मतांनी लागला. तिसऱ्या पक्षाला मत द्यायचं मनात असेल, तर २००० सालचं फ्लोरिडा आठवा: दोन मोठ्या पक्षांच्या बुश आणि गोर यांच्यात अंतर ५३७ मतांचं, आणि तिसऱ्या पक्षाच्या राल्फ नेडर यांना ९७ हजारांवर मतं. मत तिसऱ्या पक्षालाच द्यायचं असेल तर जरूर द्या, पण हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून.

५. कारण एका वाक्यात लिहा

"मी अमुक उमेदवाराला मत देते, कारण..." हे वाक्य पुरं करा. त्यात वहीतला निदान एक प्रश्न आणि उमेदवाराने प्रत्यक्ष केलेली एक गोष्ट यायलाच हवी. "दुसरा नको म्हणून" हेही कारण असू शकतं, मग तो का नको ते लिहा. वाक्य जमत नसेल तर तिसऱ्या पायरीवर परत जा. लेकीचं वाक्य पाच मिनिटांत झालं, माझं मी दोन दिवस खोडत होते. शेवटी आमची मतं वेगवेगळ्या उमेदवारांना गेली.

न्यू जर्सीत मतदानाआधी नमुना मतपत्रिका घरी येते. तिच्यावर खुणा करून ती मतदान केंद्रात सोबत नेता येते. पहिल्या नावावर खूण करून थांबू नका. खाली सिनेट, प्रतिनिधिगृह, काउंटी, शाळेचं बोर्ड अशा जागांची नावं असतात. माझ्या वहीत भावाच्या ग्रीन कार्डपुढे आणि मालमत्ता करापुढे त्याच जागा लिहिलेल्या होत्या.