सोलापुरात गरम पाण्याची सोय: आधी पाण्याचा दिवस विचारा

बदली होऊन कोकणातून सोलापुरात आलात, जुनं घर घेतलंत, दुरुस्ती काढलीत, की न्हाणीघरातला बंब किंवा गळका गीझर काढून त्या जागी काय बसवायचं हा प्रश्न येतोच. मी २००१ साली चिपळूणहून आले तेव्हा इथलं ऊन पाहून डोळे झाकून सोलर घेतलं. उन्हात काही खोट नव्हती. पाणी पाहायचं राहिलं.

आपल्याकडे विहिरीत पोहरा सोडला की मऊ पाणी. इथे नळाला पाणी येतं ते काही दिवसांआड, तेही बरंचसं शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीचं. म्हणून शेजारी नाव विचारायच्या आधी तुम्हाला पाण्याचा दिवस सांगतील. मधले दिवस बोअरवर निघतात आणि बोअरचं पाणी जड. पातेल्यात दोनदा उकळलं तरी कडेला पांढरा थर धरतो. पाणी तापलं की त्यातले क्षार सुटतात आणि जिथे तापतं तिथेच चिकटतात, मग ते पातेलं असो, गीझरची कॉइल असो की सोलरची नळी.

माझं पहिलं सोलर सपाट पॅनेलचं होतं. आतल्या तांब्याच्या नळ्या बोटाएवढ्याही जाड नसतात. विकणाऱ्याने घरात माणसं किती ते विचारलं, पाणी कुठलं ते विचारलं नाही. तिसऱ्या वर्षी, ऐन गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत, लख्ख ऊन असूनही पाणी कोमट येऊ लागलं. मिस्त्रीने पॅनेल सोडवून दाखवलं तेव्हा नळ्या चुन्याने बुजलेल्या होत्या.

म्हणून सांगते, भिंती फोडलेल्याच आहेत तर गच्चीवर दोन टाक्या घ्या, एक नळाच्या पाण्याची आणि एक बोअरची, आणि गरम पाण्याची लाइन फक्त नळाच्या टाकीवरून काढा. हे काम दुरुस्तीतच होतं, नंतर फरशी उखडायला कुणी धजत नाही. बोअरशिवाय गत्यंतरच नसेल तर काचेच्या नळ्यांचं सोलर घ्या. त्या नळ्या रुंद असतात, काढून धुता येतात. सपाट पॅनेलच हवं असेल तर हीट एक्स्चेंजर असलेलं घ्या. त्यात पॅनेलमधलं पाणी वेगळं फिरतं आणि जड पाणी बारीक नळ्यांत शिरतच नाही.

चार-पाच माणसांना २०० लिटर पुरतं. स्टँड, टाकी आणि पाणी मिळून वजन पाव टनाच्या आसपास जातं. घर धाब्याचं असेल तर त्या मातीच्या छतावर हे ठेवू नका, कुणी कितीही खात्री दिली तरी. स्लॅब असला तरी खाली भिंत येईल अशीच जागा निवडा. थंड पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंचावर लागते, हे गवंड्याला आधीच सांगा.

सोलर न्हाणीघराच्या शक्य तितकं डोक्यावर घ्या. पाऊण इंची नळीत मीटरला पाव लिटरहून थोडं जास्त, म्हणजे १५ मीटरला चार-साडेचार लिटर पाणी मावतं. प्रत्येक आंघोळीआधी तेवढं गार पाणी वाहून जातं. तीन दिवसांनी नळ येणाऱ्या घरात ते बघवत नाही. आमच्याकडे त्याची बादली भरून ठेवतात, तीच विसणाला लागते, कारण सोलरचं पाणी कढत येतं. गरम लाइन सीपीव्हीसीची घ्या, वरून इन्सुलेशन चढवा. साधा पीव्हीसी उष्णतेने लुळा पडतो.

ढगाळ दिवसांसाठी सोलरच्या टाकीत विजेची कॉइल बसवून देतात. मला ते पटत नाही. २०० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला जवळपास सहा युनिट जातात, आणि तुम्हाला हव्या असतात दोन बादल्या. त्यापेक्षा न्हाणीघरात १० लिटरचा छोटा गीझर ठेवा. आपल्यासारखा चार महिने सूर्य दडून बसत नाही इथे. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारा हीट पंप विजेत काटकसर करतो, पण एका कुटुंबाला त्याची किंमत जड जाते.

गॅस गीझर बंद न्हाणीघरात कधीही लावू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणूस आंघोळ करता करता कोसळतो. लावायचाच तर बाहेर, मोकळ्या हवेत, आणि नळी आत घ्या. भाड्याच्या घरात आधीच आत लावलेला असेल, तर मालकाशी वाईटपणा आला तरी चालेल, तो बाहेर काढून घ्या.

एप्रिल-मेमध्ये गच्चीवरची साधी टाकीच पोळते, सोलर लागत नाही. आंब्याच्या दिवसांत गावी जाताना टाकी भरा आणि काचेच्या नळ्यांवर ताडपत्री बांधा. परत आल्यावर सोलरची टाकी कोरडी दिसली तर दिवसा कॉक सोडू नका. तापलेल्या रिकाम्या काचेवर गार पाणी पडलं की ती तडकते. रात्र जाऊ द्या, पहाटे भरा.