जुन्या गाडीचे मंद हेडलाइट: बल्ब बदलण्याआधी मीटर लावा

साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढताना, पावसाळ्यातल्या रात्री, जुन्या गाडीच्या चालकाला आपल्या हेडलाइटची खरी लायकी कळते. धुके, ओला काळा रस्ता आणि वळणावर निवांत रवंथ करीत बसलेली गुरे यांच्यामध्ये तो पिवळसर, थकलेला उजेड कुठे जिरून जातो हे समजतही नाही. घरी परतल्यावर माणूस दुसऱ्या दिवशी दुकानात जातो आणि जास्त वॅटचा बल्ब किंवा पांढराशुभ्र एलईडी घेऊन येतो. जुन्या गाड्यांच्या बाबतीत मात्र दोष बहुधा बल्बात नसतो. बॅटरीपासून बल्बापर्यंतच्या वाटेत व्होल्टेज घटत असते आणि जो बल्ब आपण टाकून देतो तो बिचारा अर्धपोटी काम करीत असतो.

हॅलोजन बल्बाचा प्रकाश व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात नव्हे, तर साधारणपणे त्याच्या ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. हे सूत्र रूक्ष वाटेल, परंतु व्यवहारात त्याचा अर्थ असा की बल्बाला मिळणारे व्होल्टेज १० टक्क्यांनी घटले, तर प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. जुन्या गाड्यांत हेडलाइटचा संपूर्ण प्रवाह बॅटरीपासून फ्यूजच्या डब्यात, तेथून स्टिअरिंगजवळच्या स्विचमध्ये, पुढे अप्पर-डिपरच्या, म्हणजे लांबचा आणि जवळचा झोत बदलणाऱ्या, स्विचमध्ये आणि मग परत पुढच्या बाजूला दिव्यांकडे असा लांबचा फेरा घालून येतो. ६०/५५ वॅटचे दोन एच-४ बल्ब (अप्पर आणि डिपर एकाच बल्बात असलेले) डिपरवर सुमारे ९ अँपिअर आणि अप्परवर १० अँपिअर प्रवाह घेतात. वीस-पंचवीस वर्षांत स्विचचे संपर्क काळे पडतात, प्लगच्या पिना सैल होतात, आणि गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत तांब्याच्या तारेवर, राखेने न घासलेल्या तांब्याच्या भांड्यावर चढावा तसा, हिरवट कळंक चढतो. प्रत्येक जोड थोडेथोडे व्होल्टेज खातो.

म्हणून पहिले साधन मल्टिमीटर होय. तो साधा, स्वस्तातला असला तरी चालतो. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून, प्रथम बॅटरीच्या दोन्ही टोकांवर व्होल्टेज मोजावे. ते १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असले म्हणजे अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी भरणारे जनित्र, ठीक आहे. त्याहून बरेच कमी भरल्यास आधी पट्टा आणि अल्टरनेटर तपासावा, आणि १४.८ च्या वर गेल्यास त्याचे व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलेला समजावा. अशा गाडीत बल्ब वारंवार उडतात. त्यानंतर बल्बाचा प्लग न काढता, मीटरची टोके प्लगच्या मागच्या बाजूने पिनांना टेकवून, पेटलेल्या बल्बावरचे व्होल्टेज पाहावे. प्लग काढून मोजण्याची चूक पुष्कळजण करतात. प्रवाह वाहत नसताना कुजलेली तारही पूर्ण व्होल्टेज दाखवते.

आता तूट नेमकी कोठे आहे हे शोधावयाचे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे पेटलेल्या बल्बाच्या पॉझिटिव्ह पिनेला लावले असता जो आकडा दिसतो, तो त्या वाटेत गमावलेला भाग होय. तसेच बल्बाची अर्थची (गाडीच्या पत्र्यामार्गे बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी) पिन आणि बॅटरीचे निगेटिव्ह यांच्यामध्ये मोजले की दुसऱ्या बाजूची तूट कळते. प्रत्येक बाजूला ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंतची तूट खपवून घेण्यासारखी असते. माझ्या जुन्या व्हॅनमध्ये बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते आणि उजव्या बल्बावर जेमतेम १२.०, पॉझिटिव्ह बाजूला १.३ आणि अर्थच्या बाजूला ०.६ अशी ती तूट विभागली होती. तोपर्यंत मी दोनदा बल्ब बदलून चुकलो होतो.

दुरुस्तीला अर्थपासून सुरुवात करावी, कारण तिला खर्च जवळजवळ नाही. दिव्याची अर्थची तार बहुधा रेडिएटरच्या बाजूच्या पत्र्यावर एका छोट्या बोल्टने आवळलेली असते. माझ्या गाडीत १० नंबरच्या पान्याने तो बोल्ट सोडवला, तेव्हा थिंबलच्या (तारेच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कड्याच्या) खाली तांबड्या चिऱ्याच्या धुळीचा आणि गंजाचा एक घट्ट पापुद्रा निघाला. डिचोलीच्या खनिज ट्रकांच्या मागून वर्षानुवर्षे धावलेल्या गाडीकडून दुसरी अपेक्षा तरी कशी करावी? पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासावा, थिंबल काळे पडले असल्यास कापून नवे दाबून बसवावे, दातेरी वॉशर घालून बोल्ट पक्का आवळावा आणि वरून पेट्रोलियम जेलीचा थर द्यावा. जेली आधी लावून नंतर आवळण्यापेक्षा आवळून मग लावलेली बरी. एवढ्यानेच माझी अर्थची तूट ०.६ वरून ०.१ वर आली.

पॉझिटिव्ह बाजूची तूट स्विच, प्लग आणि लांब तारा यांत विखुरलेली असते, त्यामुळे ती पुसून जात नाही. तेथे रिले, म्हणजे छोट्या प्रवाहाने चालणारा मोठ्या प्रवाहाचा स्विच, बसवावा लागतो. रिलेची कल्पना सोपी आहे. स्टिअरिंगजवळच्या स्विचने केवळ रिलेच्या कॉइलपुरता, म्हणजे अँपिअरच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपासचा प्रवाह हाताळावा आणि बल्बांचा मोठा प्रवाह बॅटरीपासून आखूड, जाड तारेने थेट जावा. यासाठी १२ व्होल्टचे, ३० किंवा ४० अँपिअरचे दोन रिले घ्यावेत, एक डिपरसाठी आणि एक अप्परसाठी. रिलेवर ३०, ८५, ८६ आणि ८७ असे आकडे कोरलेले असतात. ३० ला बॅटरीकडून येणारी तार, ८७ ला बल्बांकडे जाणारी तार, आणि ८५ व ८६ ही कॉइलची दोन टोके. तार अडीच चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची असावी. प्रत्येक रिलेला स्वतंत्र १५ अँपिअरचा फ्यूज द्यावा आणि तो बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच असावा, कारण फ्यूजच्या अलीकडे तार कोठे घासली गेली तर आगीला आडकाठी करणारे काहीच उरत नाही. स्वतंत्र फ्यूजचा आणखी एक लाभ असा की डिपरचा फ्यूज उडाला तरी अप्पर शिल्लक राहतो आणि काळोखात गाडी बाजूला घेता येते.

बल्बांना आता नव्या तारा येत असल्याने मोकळ्या झालेल्या दोन जुन्या प्लगांपैकी एक रिलेच्या कॉइलना इशारा देण्यासाठी वापरावा आणि दुसरा टेप गुंडाळून बांधून ठेवावा. येथे एक फसवी गोष्ट आहे. काही गाड्यांत, विशेषतः जपानी आराखड्याच्या जुन्या गाड्यांत, अप्पर-डिपरचा स्विच पॉझिटिव्ह नव्हे तर अर्थची बाजू जोडतो आणि तोडतो. हे ओळखण्यासाठी दोन्ही बल्बांचे प्लग काढावेत, लाइट चालू करावा, मीटरचे काळे टोक बॉडीच्या उघड्या पत्र्याला लावून लाल टोकाने एका प्लगच्या तिन्ही पिना तपासाव्यात. अप्पर-डिपर बदलताच १२ व्होल्ट एका पिनेवरून दुसरीवर सरकले तर रचना साधी आहे. ते एकाच पिनेवर ठाम राहिले तर स्विच अर्थच्या बाजूने आहे आणि ती ठाम पिन हीच सामाईक पिन होय. डिपरच्या रिलेची कॉइल जुन्या प्लगच्या सामाईक आणि डिपरच्या पिनांमध्ये, तर अप्परची कॉइल सामाईक आणि अप्परच्या पिनांमध्ये जोडली, तर ती दोन्ही रचनांत चालते. मात्र कॉइलवर डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला रिले घेऊ नये, कारण त्याला उलटसुलट चालत नाही. जोडणीनंतर डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा विचित्र वागू लागला, तर ते काम गाड्यांच्या वायरिंगच्या मेस्त्रीकडे सोपवलेले चांगले.

बाकीची काळजी घरगुती शहाणपणाची आहे. कामाआधी बॅटरीचे निगेटिव्ह टोक सोडवावे. रिले पिना खाली करून, पावसाचे पाणी थेट येणार नाही अशा जागी बसवावेत. पत्र्याच्या छिद्रातून जाणाऱ्या तारेला रबरी बूच द्यावे, आणि सर्व तारा पंखा व सायलेन्सरच्या पाइपापासून दूर बांधाव्यात. बाजारात तयार रिले-वायरिंग मिळते, परंतु विकत घेण्याआधी त्याचे एक टोक सोलून पाहावे. जाड प्लास्टिकच्या आत केसासारखे चार धागे निघाले, तर ते परत करावे. रिले बसवल्यानंतर माझ्या उजव्या बल्बावर १३.६ व्होल्ट मिळाले. आधीच्या १२.० शी तुलना करता त्याच बल्बाचा प्रकाश जवळजवळ दीडपट झाला.

इतके करूनही उजेड कमी वाटत असेल तर दिव्याच्या आत पाहावे. काचेचे दिवे असलेल्या गाडीत परावर्तकावर टॉर्च मारावा. त्यात आपला चेहरा आरशासारखा दिसला पाहिजे. तो राखाडी, खवलेदार दिसत असेल तर कोणताही बल्ब त्याला वाचवू शकत नाही आणि संपूर्ण दिवा बदलावा लागतो. त्या चकाकीवर फडके फिरवण्याचा मोह टाळावा, कारण ॲल्युमिनिअमचा तो थर इतका पातळ असतो की धुळीबरोबर तोही पुसला जातो. नवा दिवा घेताना काचेवरच्या खुणा वाचाव्यात. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून डिपरचा झोत डाव्या बाजूला वर चढणारा हवा. युरोपीय मानकाच्या अशा दिव्यावर, दिव्यासमोर उभे राहून पाहिले असता, उजवीकडे तोंड केलेला आडवा बाण असतो. बाणच नसेल तर तो दिवा उजवीकडून वाहने चालणाऱ्या देशांसाठी बनवलेला आहे आणि तो समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत झोत टाकेल. परदेशातून मागवलेल्या स्वस्त दिव्यांत हा घोटाळा सर्रास होतो.

प्लास्टिकच्या काचा उन्हाने पिवळ्या आणि धुरकट पडतात. त्या पाण्यात भिजवलेल्या १०००, २००० आणि ३००० नंबरच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासून, कंपाऊंडने चमकवून, वर अतिनील किरण रोखणारा पारदर्शक लेप दिला तर काम टिकते. टूथपेस्टने येणारी चमक काही आठवड्यांची असते.

बल्बाविषयी माझे मत स्पष्ट आहे: नावाजलेल्या बनावटीचा साधा ६०/५५ वॅटचा बल्ब, दोन्ही बाजूंना एकाच वेळी बदललेला, पुरेसा होतो. त्याच्या काचेला बोट लावू नये, कारण त्वचेचे तेल तापून तेथेच काच कमकुवत होते. १००/९० वॅटचा बल्ब अप्परवर एकटाच ८ अँपिअरहून अधिक प्रवाह घेतो. त्याच्या उष्णतेने होल्डर वितळतो आणि परावर्तकाला फोड येतात. निळ्या काचेचे बल्ब पांढरे दिसतात, पण तो निळा लेप प्रकाशाचा काही भाग गिळून टाकतो. एलईडीचा प्रश्न याहून वेगळा आहे. हॅलोजनच्या दिव्याचा संपूर्ण आराखडा बल्बातल्या प्रकाशणाऱ्या तारेचे बारीक वेटोळे नेमके कोठे असेल यावर बेतलेला असतो. एलईडीच्या चपट्या पट्ट्या त्या जागी, त्या आकारात बसत नाहीत, झोताची कड फाटते, आणि धुक्यात चालकापुढे पांढरी भिंत उभी राहते. समोरच्याला होणारा त्रास तर निराळाच. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १०६ नुसार, दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला दिपवणार नाही इतका झोत खाली वळवलेला, किंवा चालकाला तसा खाली वळवता येणारा, असला पाहिजे. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील निर्मात्याने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असे बदल गाडीत करण्यास मनाई करते.

शेवटचे काम झोत बसवण्याचे. गोव्यात सपाट जागा शोधणे हेच अर्धे काम असते. देवळासमोरचे फरसबंद पटांगण आणि त्याच्या कडेची भिंत, विचारून, वापरता येते. टायरमधली हवा बरोबर करावी, टाकी अर्धी भरलेली असावी आणि चालकाच्या जागी कोणीतरी बसावे. गाडी भिंतीला टेकवून दोन्ही दिव्यांचे मध्य खडूने भिंतीवर खुणावे, मग गाडी सरळ ५ मीटर मागे घ्यावी. डिपर लावून, एक दिवा झाकून दुसरा पाहावा. झोताची वरची आडवी कड खुणेच्या ५ सेंटिमीटर खाली आली पाहिजे आणि डावीकडचा चढ दिव्याच्या मध्याच्या समोरून सुरू झाला पाहिजे. दिव्यामागे दोन स्क्रू असतात, एक वर-खाली आणि दुसरा डावी-उजवी फिरवणारा; ते पाव-पाव फेऱ्याने हलवावेत.

चवथीला सामान, नारळ आणि माणसे भरून गाडी गावी निघते तेव्हा तिची मागची बाजू दबते आणि झोत वर चढतो. त्या वेळी वर-खाली स्क्रू किती फेरे खाली घेतला ते बॉनेटच्या आतल्या बाजूस टेप चिकटवून त्यावर लिहून ठेवावे, म्हणजे परतल्यावर तितकेच फेरे उलट फिरवता येतात.