नाताळचं मूळ रोमी सणात? मंडळीत आणि घरात हा प्रश्न कसा तपासावा

नोव्हेंबर संपत आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ख्रिस्ती घरांत मोबाईलवर तोच मजकूर फिरू लागतो: नाताळ हा सूर्यदेवाचा सण, झाड बाबेलचं, खऱ्या विश्वासणाऱ्यानं पाळू नये. त्यावर कुणीतरी तितक्याच ठामपणे ‘सगळं खोटं’ म्हणून ठोकून देतं, आणि तरुण संघात दोन तट पडतात. गफलत दोघांचीही एकच. ‘मूळ कुठलं?’ आणि ‘पाळावं का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाच बैठकीत दोन्ही घेतले, की पुरावा संपला तिथं माणूस वचन पुढे करतो आणि वचन अडलं की पुन्हा इतिहास. म्हणून दोन संध्याकाळी ठेवा, मध्ये आठवडाभराचं अंतर ठेवा.

आगमनकाळाचा (नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांचा) पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबरच्या दरम्यान पडतो. दोन्ही बैठका त्याआधी उरका. एकदा घरावर चांदणी लागली आणि करंज्यांचं सारण भाजून झालं, की कुणी मोकळ्या मनानं ऐकत नाही.

दहा-पंधरा माणसं, दीड तास, एवढं पुरे. पवित्र शास्त्राची एक मराठी प्रत आणि एक कन्नड प्रत ठेवा. कन्नड माध्यमातल्या मुलांना वचन कन्नडमध्ये पटकन सापडतं. भिंतीवरची दिनदर्शिका काढून आणा, तिचं काम आहे. एका मोठ्या कागदावर चार रकाने आखा: दावा, पहिली लेखी साक्ष, मधली वर्षं, निकाल. निकालात तीनच शब्द चालतील: पक्कं, शक्य, निराधार.

आणखी एक पथ्य. ‘मूर्तिपूजकांचा सण’ हा शब्द बैठकीत वापरू नका. विषय प्राचीन रोमचा असला तरी आपल्या गल्लीत तो शब्द खिडकीतून थेट शेजारच्या वहिनींच्या घरात जातो. ‘रोमी लोकांचा जुना धर्म’ म्हणा. अर्थ जास्त नेमका होतो आणि कुणाला लागतही नाही.

पहिली संध्याकाळ: दावे सुटे करा

‘नाताळ रोमी आहे’ हा एक दावा नव्हे, ती मोळी आहे. तारीख, मेजवानी, भेटवस्तू, झाड, बाबेल अशी एकेक काडी सोडवून वेगळ्या ओळीत लिहा. एक काडी खरी निघाली म्हणून सगळी मोळी खरी ठरत नाही, आणि एक मोडली म्हणून सगळी मोडत नाही.

जास्तीत जास्त वेळ तारखेला द्या. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी पक्की नोंद रोममध्ये इ. स. ३५४ साली तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात आहे. तो संग्रह एका श्रीमंत ख्रिस्ती गृहस्थासाठी लिहिला होता. त्यातल्या हुतात्म्यांच्या यादीत या तारखेसमोर ‘ख्रिस्त यहूदीयातल्या बेथलेहेमात जन्मला’ असं आहे. ही यादी बहुधा ३३६ सालची असल्याचं अभ्यासक मानतात. गंमत अशी, की त्याच संग्रहातल्या सरकारी दिनदर्शिकेत त्याच तारखेला ‘अजिंक्याचा जन्मदिन, रथांच्या तीस शर्यती’ अशीही नोंद आहे. हा अजिंक्य म्हणजे सूर्यदेव असं सहसा मानलं जातं. ‘जन्मदिन’साठी तिथं जो लॅटिन शब्द आहे तो ‘नातालिस’. त्यावरून पोर्तुगीज ‘नाताल’ आणि गोव्याच्या वाटेनं आपला ‘नाताळ’.

आता भिंतीवरची दिनदर्शिका उघडा आणि कुठलाही एक चौकोन दाखवा. तिथी, नक्षत्र, कुणाची पुण्यतिथी, एखादा उरूस, बँकेची सुट्टी, सगळं एकाच घरात. एका घरात दोन नोंदी आहेत म्हणजे एकीतून दुसरी निघाली असं होत नाही. ३५४ सालचा पुरावाही तेवढाच आहे: दोन सण एका दिवशी होते. आधी कुठला, हे त्यातून कळत नाही. रोमी सम्राट ऑरेलियननं २७४ साली सूर्यदेवाचं मंदिर बांधलं हे पक्कं. पण त्याचं उद्घाटन २५ डिसेंबरलाच झालं असं सांगणारी त्या काळातली साक्ष नाही. मंडळीनं सूर्याच्या सणावर मात करायला तारीख बदलली, असं स्पष्ट सांगणारी टीप सापडते ती बाराव्या शतकातल्या एका सिरियाक हस्तलिखिताच्या समासात. मधली वर्षं: सुमारे आठशे. कागदावर तोच आकडा लिहा आणि थोडा वेळ गप्प राहा.

मग दुसरी बाजू मांडा. प्राचीन मंडळीत असा समज होता की ख्रिस्ताची गर्भधारणा आणि त्याचं मरण एकाच तारखेला झालं. तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकानं इ. स. २००च्या सुमारास वधस्तंभाची तारीख २५ मार्च दिली आहे. मुलांना बोटांवर मोजायला लावा: २५ मार्चपासून नऊ महिने, २५ डिसेंबर. पूर्वेकडे ६ एप्रिल धरत. नऊ महिने, ६ जानेवारी. आर्मेनियन मंडळी आजही त्याच दिवशी जन्मोत्सव करते. हिशेब दोन्हीकडे जुळतो, म्हणून तो वजनदार आहे. त्यात भोकही आहे, ते लपवू नका: हा हिशेब एका वाक्यात उघड मांडणारा बिशप ऑगस्टीन पाचव्या शतकातला, म्हणजे सण सुरू झाल्यानंतरचा. दोन्ही मतांपुढे ‘शक्य’ लिहा. ‘पक्कं’ एवढंच, की पहिल्या दोन शतकांत हा सण असल्याची साक्ष नाही. अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती लेखक क्लेमेंट २००च्या आसपास जन्मतारखेबद्दलची वेगवेगळी मतं सांगतो, ती एप्रिल-मेमध्ये पडतात. त्याच्यानंतरचा ख्रिस्ती लेखक ओरिगेन तर वाढदिवस फारो आणि हेरोदासारखे लोक साजरे करतात म्हणून नाकच मुरडतो.

कुणी हटकून विचारेल, ‘अयनदिन (वर्षातला सर्वांत लहान दिवस) तर २१-२२ डिसेंबरला, मग सूर्याचा सण २५ला कसा?’ संक्रांतीचं उदाहरण द्या. उत्तरायण प्रत्यक्षात डिसेंबरात सुरू होतं, आपल्याकडे तिळगूळ जानेवारीच्या १४-१५ला. रोमी पंचांगातही अयनदिन २५ डिसेंबर असा ठरून गेला होता. आकाश पुढे सरकलं, कागदावरची तारीख राहिली.

बाकीच्या काड्या झटपट निघतात. सॅटर्नेलिया हा रोमी लोकांचा मेजवानीचा सण १७ डिसेंबरला सुरू होऊन पुढे २३ पर्यंत लांबला; २५ त्यात बसतच नाही. मेणबत्त्या आणि मातीच्या छोट्या मूर्ती भेट देण्याची रीत मात्र तिथं होती, त्यामुळे ‘तारीख: निराधार, भेटवस्तूंची हवा: शक्य’. मिथ्र हा रोमी साम्राज्यात पुजला जाणारा देव कुमारिकेपोटी २५ डिसेंबरला जन्मला म्हणतात. प्राचीन शिल्पांत तो खडकातून बाहेर येताना दिसतो आणि त्याच्या जन्मतारखेची प्राचीन नोंद नाही. नाताळ आणि झाड बाबेलच्या निम्रोद राजा व सेमिरामिस राणीपासून आले ही कथा १८५०च्या दशकात एका स्कॉटिश पाळकानं पसरवली. ती सांगणारी एकही बाबेली विटेची पाटी नाही. निराधार. तिच्या पुराव्यादाखल दाखवतात त्या यहेज्केल ८:१४ मध्ये तम्मूज या बाबेली देवासाठी रडणाऱ्या स्त्रिया आहेत, जन्मोत्सव नाही.

झाडासाठी लोक यिर्मया १०:३-४ वाचतात आणि थांबतात. तुम्ही पाचवं वचनही मोठ्यानं वाचून घ्या: ते लाकूड बोलत नाही, चालत नाही, त्याला उचलून न्यावं लागतं. म्हणजे कारागिरानं घडवलेली मूर्ती. सजवलेल्या नाताळ-झाडाच्या नोंदी सोळाव्या शतकापासून अल्सासच्या (आजच्या पूर्व फ्रान्समधला भाग) परिसरात मिळतात, स्ट्रासबुर्गमधली १६०५ची प्रसिद्ध आहे. यिर्मयापासून दोन हजार वर्षांहून जास्त अंतर.

येशूच्या जन्माच्या रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांचं (लूक २:८) काय? दिवाळीनंतर आपल्याकडे धनगर शेतात मेंढरं बसवतात, म्हणून डिसेंबर बरोबर असं कुणी म्हणेल. बेथलेहेमची उंचीही बेळगावसारखीच, साडेसातशे मीटरच्या वर. पण तिकडे हिवाळा हाच पावसाळा. धनगरांना साक्षीला बोलावू नका. हे वचन तारखेचा निकाल कुठल्याच बाजूनं लावत नाही.

सांताला या कागदावर जागा नको. मायराचा बिशप निकोलस, त्याचा दिवस ६ डिसेंबर. बाकीचा लाल डगला हा बाजाराचा विषय आहे, रोमचा नाही.

दुसरी संध्याकाळ: पाळावं का?

न पाळणाऱ्यांची बाजू आधी आणि पूर्ण ताकदीनं मांडा, नाहीतर बैठक म्हणजे नुसतं नाटक होतं. त्यांचा खरा मुद्दा रोमचा नाहीच. देवानं आज्ञा दिलेली नाही असा सण उपासनेत आणू नये, हा आहे. त्यासाठी पवित्र शास्त्रातलं अनुवाद १२:३०-३२ आणि गलतीकरांस ४:१०-११ वाचा. याच कारणानं इंग्लंडच्या पार्लमेंटनं १६४७ साली नाताळ बंद केला, मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली पाच शिलिंग दंड ठरला (१६८१ला रद्द), आणि स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी मिळाली ती थेट १९५८ साली. म्हणजे न पाळणं हे काही कालच्या मोबाईलचं खूळ नव्हे.

मग दुसरी बाजू. यहुद्यांचा पुरीम हा सण मोशेच्या नियमशास्त्रात नाही, तरी एस्तेर ९ मध्ये तो ठरवला गेला. योहान १०:२२-२३ मध्ये हिवाळ्यात प्रतिष्ठापनेचा सण चालू असताना येशू मंदिरात फिरतो आहे. तो सणही मोशेनंतरचा. आणि रोमकरांस पत्र १४:५-६: दिवस मानणारा प्रभूसाठी मानतो, न मानणाराही, प्रत्येकाची स्वतःच्या मनात खात्री असावी. आमचं मत या बाजूला झुकतं, पण नाताळ न पाळणाऱ्याला अर्धवट ख्रिस्ती समजण्याला हे वचन जागाच ठेवत नाही.

नावावरून अडणाऱ्यांसाठी एक प्रश्न पुरतो. आपण उपासनेला कधी जमतो? मराठीत रविवार, कन्नडमध्ये भानुवार. दोन्हीत सूर्यच. नाव उरलं, पूजा उरली नाही. मात्र पूजा उरू शकते हेही सांगा: पाचव्या शतकात पोप लिओनं नाताळच्या प्रवचनात अशा लोकांची कानउघाडणी केली, जे संत पेत्राच्या मंदिराच्या पायऱ्या चढून वर आले की मागे वळून उगवत्या सूर्याला वाकत. म्हणून परीक्षा मुळाची नको, आजच्या वापराची हवी: ही गोष्ट करताना माझ्या घरातला माणूस नेमकं कुणाला मान देतो?

ही परीक्षा घरी लावताना मोठ्या शब्दांत बोलू नका, वस्तू हातात घ्या. चांदणी घ्या. बांबूच्या कामट्या त्याच, कागद तोच, बुरूडही तोच. दिवाळीत तो आकाशकंदील असतो, डिसेंबरात मागींचा (बाळ येशूला भेटायला आलेल्या पूर्वेच्या ज्ञानी लोकांचा) तारा. कामट्यांना धर्म नाही, ठेवा. करंजी आणि चकली? ठेवा, नाहीतर शेजाऱ्यांच्या दिवाळी फराळाची परतफेड कशानं करणार? झाड ज्याच्या मनाला टोचतं त्यानं आणू नये, एवढंच. रात्रभर डीजे, दारू आणि चोवीसच्या रात्रीची उपासना झोपेत? इथं रोमचा काही संबंध नाही, तरी पहिली फुली इथंच पडायला हवी. आणि बहुतेक घरांत नेमकी इथंच पडत नाही.

सीमाभागात खरा पेच प्रसादाचा येतो. मार्गशीर्षी पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा, ती बहुधा डिसेंबरातच. शेजारी प्रसाद घेऊन येतात त्याच सुमारास आपण केक पोचवत असतो. १ करिंथ १०:२५-२९ इथं जसंच्या तसं लागू पडतं: समोर आलेलं खा, चौकशी करत बसू नका, पण ‘हे देवाला वाहिलेलं आहे’ असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी थांबा. नकार द्यायचा तर दारातच ताट परत करू नका. ‘काकू, या की वो घरात, प्रसाद आम्ही घेत नाही, पण चहा घेतल्याशिवाय सोडत नाही,’ एवढं पुरतं. नाताळ न पाळणाऱ्या घरानंही शुभेच्छा द्यायला आलेल्यांशी असंच वागावं. दाराशी रोमचा इतिहास सांगू नये.

सगळ्यात जास्त बिघडतं ते एका वाड्यात राहणाऱ्या दोन भावांमध्ये, एक पाळतो आणि एक नाही. तीन गोष्टी आधीच ठरवा. चांदणी सामायिक दारावर नको, पाळणाऱ्याच्या खिडकीला. मुलांना शब्बाथशाळेच्या नाटिकेत घ्यायचं की नाही, हे त्यांच्या आईवडिलांनी सांगायचं, काकांनी नाही. आणि आज्जी दोघांचीही असते. पंचवीस तारखेला दुपारी तिच्या पानाला दोघांनी बसायचं, मग त्या जेवणाला एकानं नाताळ म्हणावं आणि दुसऱ्यानं नुसतं जेवण.