व्हर्च्युअलबॉक्समधल्या विंडोज ९८ मध्ये आवाज कसा सुरू करावा

विंडोज ९८ सेकंड एडिशन व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकाच्या आत दुसरा नकली संगणक, म्हणजे 'मशीन', चालवणारा प्रोग्रॅम) बसवून झाली आहे, डेस्कटॉप दिसतोय, फक्त आवाज नाही, असं गृहीत धरतो. सगळीकडे दिले जाणारे दोन सल्ले आधीच बाजूला ठेवा. गेस्ट ॲडिशन्स (आतल्या विंडोजसाठी व्हर्च्युअलबॉक्ससोबत येणारे जादा ड्रायव्हर) टाकून काही होणार नाही, कारण विंडोज ९८ साठी त्या बनलेल्याच नाहीत. आणि 'फ्री ड्रायव्हर' वाटणाऱ्या साइटवरून एकही फाइल उतरवू नका. हवा असलेला ड्रायव्हर विंडोज ९८ च्या सीडीतच आहे. त्या ड्रायव्हरला ओळखीचं कार्ड तेवढं आपण द्यायचं आहे.

ते कार्ड म्हणजे साउंड ब्लास्टर १६. मशीन पूर्ण बंद करा (सेव्ह स्टेट, म्हणजे चालू स्थिती साठवून थांबवणं, चालत नाही), सेटिंग्जमध्ये ऑडिओ कंट्रोलर म्हणून साउंड ब्लास्टर १६ निवडा आणि ऑडिओ आउटपुटवर टिक आहे ना ते बघा. यादीतलं दुसरं कार्ड, एसी९७, निवडायचा मोह होईल, पण त्याचा ड्रायव्हर ९८ च्या सीडीत नाही. ३२-बिट एक्सपीचं नेमकं उलट आहे: तिथे एसी९७ चा ड्रायव्हर आधीपासून असतो, त्यामुळे एक्सपीत तेच ठेवा.

मशीन सुरू करून सीडीतला विन९८ फोल्डर सी ड्राइव्हवर कॉपी करा. पुढे विंडोज जेव्हा सीडी मागेल तेव्हा हाच पत्ता द्यायचा.

आता अडणारी पायरी. साउंड ब्लास्टर १६ हे १९९२ सालचं आयएसए (जुन्या पद्धतीच्या खाचेत बसणारं) कार्ड, आणि व्हर्च्युअलबॉक्स त्याची जी नक्कल करतो ती प्लग अँड प्ले नाही, म्हणजे विंडोजला आपली ओळख आपणहून देत नाही. म्हणून कार्ड बदलून मशीन सुरू केलं तरी 'नवीन हार्डवेअर सापडलं' ही खिडकी येत नाही. ड्रायव्हर हातानेच बसवावा लागतो, आणि कार्ड कुठल्या आकड्यांवर बसलंय हेही हातानेच सांगावं लागतं.

कंट्रोल पॅनेलमधून ॲड न्यू हार्डवेअर उघडा. विंडोज आधी प्लग अँड प्ले उपकरणं शोधेल, ते होऊ द्या. नंतर 'विंडोजने हार्डवेअर शोधावं का' असं विचारलं की नाही म्हणा. तो शोध बराच वेळ खातो आणि कधी मशीनच गोठवतो. यादीतून साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स, मग क्रिएटिव्ह, मग साउंड ब्लास्टर १६ ऑर एडब्ल्यूई-३२ अशी निवड करा. प्रो किंवा १.५ घेऊ नका, नाहीतर १६-बिट आवाज मिळणार नाही.

यानंतर विंडोज काही आकडे दाखवते. हे आकडे कार्डाला विचारून आलेले नसतात, ड्रायव्हरच्या यादीतला मोकळा दिसलेला पर्याय तिने उचललेला असतो. तो बरोबर असेलच असं नाही. व्हर्च्युअलबॉक्सचं कार्ड मात्र ठरलेल्या जागी असतं: पत्ता (कार्डाशी बोलायची जागा) २२०, आयआरक्यू (कार्ड विंडोजला हाक मारतं ती ओळ) ५, डीएमए (प्रोसेसरला न अडवता डेटा नेणारी वाट) १ आणि १६-बिटसाठी डीएमए ५. रीस्टार्ट झाल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन कार्डाच्या प्रॉपर्टीजमधला रिसोर्सेस टॅब उघडा आणि हे चारही आकडे एकेक करून ताडून पाहा.

एखादा वेगळा निघाला तर 'यूज ऑटोमॅटिक सेटिंग्ज' वरची टिक काढा, ती ओळ निवडा आणि चेंज सेटिंग दाबा. बरेचदा इथेच 'हे सेटिंग बदलता येत नाही' असा संदेश येतो आणि लोक सोडून देतात. सोडू नका. वरच्या सूचीत बेसिक कॉन्फिगरेशनचे अनेक पर्याय असतात. काहींत आकडे पक्के बांधलेले असतात, काहींत बदलता येतात. एकेक पर्याय लावत जा, चारही आकडे बसतील असा एक सापडतो. खालच्या चौकटीत 'नो कॉन्फ्लिक्ट्स' दिसलंच पाहिजे. आयआरक्यू ५ सहसा मोकळा असतो. दुसऱ्या उपकरणाने तो धरला असेल तर मशीन बंद करून सेटिंग्जमधून यूएसबी काढा, मग परत बघा.

आकडे चुकले की काय चुकलंय ते लक्षणांवरूनच कळतं. पत्ता चुकला तर ड्रायव्हर चढत नाही आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह येतं. आयआरक्यू चुकला तर आवाज सुरू होतो, पण पहिला क्षणभराचा तुकडा वाजून थांबतो किंवा तोच तोच वाजत राहतो, कारण 'हा तुकडा संपला, पुढचा दे' ही कार्डाची हाक विंडोजपर्यंत पोचतच नाही. ८-बिट फाइल वाजते आणि १६-बिट वाजत नाही, तर दोष दुसऱ्या डीएमएचा. हे तपासायला साउंड रेकॉर्डर पुरतो: फाइल, प्रॉपर्टीज, कन्व्हर्ट नाऊ करून एकच आवाज दोन्ही प्रकारांत साठवा आणि वाजवून बघा.

आवाज आला पण तुटक येतोय? डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्ड डिस्कच्या सेटिंग्ज टॅबवर डीएमएची टिक करा आणि रीस्टार्ट करा. ही टिक नसली की डिस्क वाचताना प्रोसेसर अडकून पडतो आणि आवाजाला वेळेवर डेटा मिळत नाही.

डॉसमधल्या खेळांसाठी ऑटोएक्सेक.बॅटमध्ये (मशीन सुरू होताना आपोआप चालणारी फाइल) 'सेट ब्लास्टर' ची ओळ लागते. बरोबर चिन्हानंतर रोमन अक्षरांत ए२२०, आय५, डी१, एच५, टी६, मध्ये एकेक जागा सोडून. आकडे वरचेच आहेत, टी६ म्हणजे कार्डाचा प्रकार.

सगळं वाजू लागलं की लगेच स्नॅपशॉट घ्या, म्हणजे मशीनची ही स्थिती साठवून ठेवा. आणि खेळातले गोळीबाराचे, पावलांचे आवाज येतात पण संगीत येत नाही, मिडी फाइली (आवाज नव्हे, फक्त सुरांच्या सूचना साठवणाऱ्या) मुक्या राहतात, तर पुन्हा ड्रायव्हर उपसत बसू नका. खऱ्या साउंड ब्लास्टर १६ वर संगीतासाठी ओपीएल३ नावाची एफएम (सूर तयार करणारी) चिप असायची. व्हर्च्युअलबॉक्स तिची नक्कल करत नाही, त्यामुळे कुठल्याही सेटिंगने ते संगीत येणार नाही. डॉसच्या खेळांना संगीत हवंच असेल तर ते डॉसबॉक्समध्ये (डॉसचे खेळ चालवणारा वेगळा प्रोग्रॅम) चालवा, तिथे ही चिप आहे.