बैठकीत कमी बोलणाऱ्यांनी आपले म्हणणे कसे पोहोचवावे

कार्यालयीन बैठकीत जो आधी आणि मोठ्याने बोलतो त्याला विषय कळलेला आहे, आणि जो गप्प बसतो त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नाही, असे गृहीत धरण्याची आपल्याकडे रीतच आहे. ‘काम उत्तम, पण जरा पुढे यायला हवे’ हा अप्रेझलमधला शेरा त्यातूनच येतो. यावर चारचौघांत बडबड करायला शिका, असा सल्ला हमखास मिळतो. माझ्या मते तो निरुपयोगी आहे. ज्याला लक्षपूर्वक ऐकणे आणि नेमके लिहिणे जमते, त्याने बैठकीच्या तासाभरापेक्षा तिच्या आधीच्या आणि नंतरच्या वेळेवर पकड बसवावी.

त्यासाठी विषयपत्रिका आदल्या दिवशी मागून घ्यावी आणि ज्या एका विषयावर आपला अभ्यास आहे त्यावर एका पानाचे टिपण करावे. अडचण काय, पर्याय कोणते, प्रत्येकाला खर्च किती आणि आपली शिफारस कोणती, एवढे त्यात पुरे. हे टिपण आधीच सर्वांना पाठवावे आणि बैठक चालवणाऱ्याला ‘तिसऱ्या विषयावर मला दोन मिनिटे हवी आहेत’ असे कळवून ठेवावे, म्हणजे ऐनवेळी कोणाला तोडून बोलावे लागत नाही. लिहून देण्यात कमीपणा मुळीच नाही. लंडनमध्ये १८८८ ते १८९१ या काळात कायदा शिकत असताना गांधीजी तिथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीत बहुधा गप्पच बसत. संततिनियमनाचा पुरस्कार करणाऱ्या डॉ. ॲलिन्सन यांना मंडळातून काढण्याचा प्रश्न आला, तेव्हा ती मते स्वतःला मान्य नसूनही त्यांनी या कारवाईला लेखी विरोध केला. तो वाचण्याचेही धैर्य न झाल्याने दुसऱ्याने वाचून दाखवला. बाजू हरली, पण मत सभेपुढे आले. ॲमेझॉनमध्ये तर बैठकीच्या सुरुवातीला सगळे जण सहा पानांपर्यंतचे टिपण शांतपणे वाचतात आणि चर्चा त्यानंतर होते.

प्रत्यक्ष बैठकीत पहिल्या दहा मिनिटांत एकदा तरी तोंड उघडावे, कारण जितका उशीर होतो तितके बोलणे जड जाते. त्यासाठी मत नको, प्रश्न पुरतो. सप्टेंबरअखेर काम द्यायचे ठरते, सगळे ‘होऊन जाईल’ म्हणून मोकळे होतात, आणि ऐकत बसलेल्या माणसाच्याच लक्षात येते की गणपतीच्या सुट्ट्या कोणी धरलेल्याच नाहीत. अशा वेळी ‘त्या आठवड्यात तपासणीला कोण असेल?’ एवढे विचारले तरी वेळापत्रक नव्याने मांडावे लागते. मध्येच कोणी तोडले तर आवाज न चढवता ‘माझे वाक्य पूर्ण करतो’ म्हणावे आणि खरोखरच पूर्ण करावे. (बोलण्याच्या नुसत्या कल्पनेनेच छातीत धडधड होत असेल, तर तो अबोलपणा नव्हे, भीती आहे, आणि तिचा उपाय वेगळा आहे.)

बैठक संपल्यावर, त्याच दिवशी, काय ठरले आणि कोणी काय करायचे हे चार ओळींत मेल करावे. आपली कल्पना दुसऱ्याने स्वतःची म्हणून खपवली, तर तारखेसह पाठवलेले टिपण आणि हा मेल भांडणाशिवाय साक्ष देतात. मात्र इतिवृत्त लिहिण्याचे काम कायमचे गळ्यात पडू देऊ नये. ते आळीपाळीने फिरावे, असे सुरुवातीलाच सुचवावे.

बैठक चालवणे आपल्या हाती असेल तर पद्धतच बदलावी. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चौघांच्या गटाला एकत्र बसून जितक्या कल्पना सुचल्या, त्याहून अधिक कल्पना एकेकटे बसलेल्या चौघांच्या याद्या एकत्र केल्यावर निघाल्या. म्हणून पहिली पाच मिनिटे प्रत्येकाला लिहू द्यावे आणि मग कनिष्ठापासून क्रमाने वाचायला सांगावे. साहेबांनी शेवटी बोलावे, कारण ते आधी बोलले की बाकीच्यांना मान डोलावण्याखेरीज काम उरत नाही.