फर्लो नाकारली? लढाई पोलीस रिपोर्टपासून सुरू होते

तुरुंगात दहा-बारा वर्षं काढली, एकदाही भांडण-तंटा नाही, मुक्त विद्यापीठातून बीए केलं, आणि तरी फर्लोच्या, म्हणजे काही दिवस घरी जायच्या रजेच्या, अर्जावर एका ओळीत उत्तर येतं, 'रजेवर सोडल्यास शांतता भंग होण्याची शक्यता'. घरचे तिथेच खचतात. पण तसं सोडून देऊ नका, त्या ओळीला उत्तर देता येतं.

आधी अर्ज कुठला ते बघा. आपल्याकडे महाराष्ट्रात फर्लो म्हणजे संचित रजा, ठरावीक शिक्षा भोगली की ती मागता येते, कारण द्यावं लागत नाही. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, तिला घरातलं आजारपण, मृत्यू असं काही कारण लागतं. फर्लो बसत असताना उगाच आजारपणाचं सर्टिफिकेट शोधत फिरू नका. अर्ज जेलच्या अधीक्षकांमार्फतच जातो.

खरी गोम अर्जावर पोलीस जो रिपोर्ट देतात त्यात. स्टेशनचा हवालदार घरी येतो, जामीनदार कोण, रजेत राहणार कुठे विचारतो, आजूबाजूच्यांचे आणि फिर्यादीकडच्यांचे जबाब घेतो, आणि घरात कागद तयार नसले की रिपोर्ट विरोधातच जायची भीती जास्त. म्हणून तो यायच्या आधीच जामीनदाराचं आधार, सातबारा नाहीतर घरपट्टीची पावती, शेजाऱ्यांची आणि सरपंचांची सही केलेली पत्रं एका फाईलला लावा, एक सेट स्टेशनला द्या आणि पोच घ्या, पोच घ्याच. फिर्यादी त्याच गावात असेल तर दुसऱ्या गावच्या बहिणीचा नाहीतर मामाचा पत्ता द्या, याने 'शांतता भंग' मधली हवाच जाते. फिर्यादीच्या घरी मात्र अजिबात जाऊ नका, त्यांचंही माणूस गेलेलं असतं, आणि दबाव टाकला असं झालं तर सगळंच फसतं.

सोबत आतलं रेकॉर्ड जोडा, शिक्षणाचे दाखले, कोणत्या कारखान्यात काम केलं ते, आणि सगळ्यात वजनदार म्हणजे आधीच्या रजेवरून तारखेला हजर झाल्याची नोंद.

नकार आला तर आदेशाची कॉपी लेखी मागा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, 1987 च्या कायद्याच्या कलम 12 प्रमाणे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा आणि हायकोर्टात रिट टाका, म्हणजे नकाराच्या आदेशाला आव्हान द्या. 2017 च्या अश्फाक केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की नुसता गुन्हा गंभीर म्हणून पॅरोल सरसकट नाकारू नये, माणूस सुधारलाय का ते बघावं. समोरून सरकारी वकील 2021 चा सुप्रीम कोर्टाचा नारायण साई निकाल दाखवतील, फर्लो हा पूर्ण हक्क नाही म्हणून. तेव्हा वरची फाईलच कामी येते.

जन्मठेपवाल्यांसाठी अजून एक, फेब्रुवारी 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की लवकर सोडायचं सरकारी धोरण असेल तिथे पात्र बंद्याने अर्ज केला नाही तरी सरकारने त्याच्या मुदतपूर्व सुटकेचा विचार करायचा. चौदा वर्षं भरत आली असतील तर पुढच्या मुलाखतीला त्याला सांगा, प्रस्ताव पाठवला का ते जेल ऑफिसात लेखी विचार.