ड्राइव्ह अंडरव्होल्टेजवर ट्रिप होतोय? या चुका टाळा

कुपवाड एमआयडीसीतल्या शेडमध्ये ड्राइव्हवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) अंडरव्होल्टेजचा, म्हणजे व्होल्टेज कमी पडल्याचा, फॉल्ट आला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "लाईट कमी येतीया." आणि "मार रिसेट, हुतंय चालू." या दोन वाक्यांपायी चांगले ड्राइव्ह गेलेले मी पाहिलेत, म्हणून लिहितोय.

हा फॉल्ट आतल्या डीसी बसवरून येतो, म्हणजे रेक्टिफायरने एसीचं डीसी करून कपॅसिटरवर साठवतो त्या भागावरून. ४१५ व्होल्ट सप्लायवर ही बस साधारण ५६० ते ५८५ व्होल्ट असते. ती मॅन्युअलमधल्या मर्यादेखाली घसरली की ड्राइव्ह थांबतो, म्हणजे ट्रिप होतो. तेव्हा डिस्प्लेवर बस व्होल्टेज लावा आणि मशीन लोडवर घेऊन बघा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मोटर बंद ठेवून मीटर लावणं. सांगलीत हळदीच्या पॉलिश ड्रमवरचा १५ एचपीचा ड्राइव्ह ऐन सीझनमध्ये दिवसातून चार-पाचदा बंद पडायचा. मालक स्टॅबिलायझर घ्यायला निघाले होते. ड्रम बंद असताना तिन्ही फेज ४१५च्या आसपास, एकदम ठीक. मग ड्रम भरून चालवला आणि इनकमिंग काँटॅक्टरच्या (सप्लाय जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) एकेका पोलच्या, म्हणजे एकेका फेजच्या, इनपुट-आउटपुटवर मीटर धरलं. टिपा (आतले जुळणारे काँटॅक्ट) चांगल्या असतील तर इथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. दोन पोलवर अर्धा व्होल्टसुद्धा नाही, तिसऱ्यावर आकडा तीस-चाळीसच्या दरम्यान नाचतोय. सप्लाय काढून काँटॅक्टर खोलला, तर त्या पोलच्या टिपा काळ्याठिक्कर, खड्डे पडलेल्या. ड्राइव्ह जवळपास दोन फेजवर ओढत होता. काँटॅक्टर बदलला, ट्रिप थांबलं. (चालू पॅनेलवरचं हे माप जाणत्या इलेक्ट्रिशियननेच घ्यावं.)

काँटॅक्टर ठीक असेल तर फ्यूज आणि टर्मिनलचे स्क्रू बघा. सैल लग (वायरच्या टोकाचा धातूचा तुकडा) रंग बदललेल्या इन्सुलेशनवरून लगेच ओळखू येतो.

मशीन रिकामं चालताना बसचं व्होल्टेज पूर्ण आणि मोटरने लोड घेताच धाडकन खाली येत असेल, तर प्रीचार्जचा (चालू करताना कपॅसिटर रेझिस्टरमधून हळूहळू भरण्याच्या सर्किटचा) रिले संशयित धरा. कपॅसिटर भरल्यावर या रिलेने रेझिस्टर बायपास करायचा असतो. तो ओढला नाही तर सगळा करंट रेझिस्टरमधून जातो. अशा वेळी मेन स्विच चालू-बंद करत राहिलात तर रेझिस्टर जळणारच. जुन्या ड्राइव्हमध्ये कपॅसिटरही उतरलेले, म्हणजे क्षमता कमी झालेले, असतात.

ड्राइव्ह उघडण्याआधी सप्लाय काढा आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा. बऱ्याच ड्राइव्हला किमान पाच मिनिटं लागतात. डिस्प्ले विझला म्हणजे बस रिकामी झाली असं धरू नका, टर्मिनलवर मोजा.

काहीजण ट्रिपची मर्यादाच खाली करून ठेवतात. कृपा करून हे करू नका. तेवढीच पॉवर द्यायला ड्राइव्ह जास्त करंट ओढतो आणि रेक्टिफायरवर ताण येतो.

आता "लाईट कमी" खरंच असेल, तर फॉल्ट लॉगमधली वेळ बघा. शेजारचा कॉम्प्रेसर डायरेक्ट (थेट पूर्ण व्होल्टेजवर) स्टार्ट होतो त्याच क्षणी ट्रिप येत असेल, तर त्या कॉम्प्रेसरला सॉफ्ट स्टार्टर (मोटर हळूहळू चालू करणारं उपकरण) लावा आणि मेन केबलची जाडी तपासा. आणि मशीन चालू असताना कुणी मेन पाडला तरी बऱ्याच ड्राइव्हमध्ये हाच फॉल्ट नोंदला जातो. ती नोंद बिघाडात धरू नका.